मेनफ्रेमवर 'फुकट' टूल असताना बाहेरचं विकत का घ्यायचं?

रात्रपाळी

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. पुण्यात बसून एका परदेशी विमा कंपनीचं मेनफ्रेम, म्हणजे तिचे सगळे व्यवहार चालवणारं मोठं यंत्र, सांभाळतो. साहेबांनी त्याला तक्ता करायला सांगितलाय. डावीकडे बाहेरच्या कंपन्यांची सगळी टूल्स, उजवीकडे झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारं किंवा आयबीएमच्या त्याच करारात मिळणारं टूल. उजवीकडे नाव भरता आलं की डावीकडचं रिन्युअल बंद. "काका, हे बरोबर आहे का?" फोनवर मी त्याला अर्धवटच उत्तर दिलं. उरलेलं इथे फोरमवर लिहितो, कारण इथल्या कितीतरी जणांचं घर याच धंद्यावर चाललंय आणि हा तक्ता आज ना उद्या प्रत्येकाच्या टेबलावर येणार आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमनं सिस्टिम/३६० जाहीर केली. तेव्हा सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नव्हती. यंत्र भाड्यानं घ्यायचं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, सॉर्ट (नोंदी क्रमानं लावणारा प्रोग्रॅम), प्रशिक्षण, मदतीला येणारा इंजिनिअर हे सगळं त्या भाड्यात. ग्राहकाला ते फुकट वाटायचं. खरं तर तो दर महिन्याला त्याचे पैसे मोजत होता, फक्त बिलावर ती ओळ छापलेली नव्हती.

न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला अप्लाइड डेटा रिसर्च म्हणजे एडीआर नावाची छोटी कंपनी होती. तिथे मार्टिन गोएत्झ यांनी ऑटोफ्लो नावाचा प्रोग्रॅम करवून घेतला. प्रोग्रॅमचा सोर्स वाचून त्याचा फ्लोचार्ट आपोआप छापायचा, एवढंच त्याचं काम. आधी तो आरसीए कंपनीला देऊ केला, तिनं नाही घेतला. मग आरसीएच्या ग्राहकांकडे गेले. २,४०० डॉलर किंमत लावली, फक्त दोघांनी घेतला. मग आयबीएमच्या यंत्रांसाठी तो नव्यानं लिहिला आणि तिथे खरी अडचण कळली. आयबीएमचा स्वतःचा फ्लोचार्टर होता, फुकट. त्यात प्रोग्रॅमरला चार्टसाठी वेगळी माहिती भरून द्यावी लागायची, म्हणजे ऑटोफ्लोचा मुख्य गुणच त्यात नव्हता. तरी ग्राहक म्हणायचे, "थांबतो की. आज ना उद्या आयबीएम हेही फुकटात देईल."

मला या सगळ्या इतिहासात हे "थांबतो की" सर्वात महत्त्वाचं वाटतं. फुकटचं टूल चांगलं असायची गरज नसते. ते येईल एवढी आशा ग्राहकाला लावून ठेवली तरी बाहेरच्याचा धंदा बसतो.

गोएत्झ स्वस्थ बसले नाहीत. टेपवर सॉर्ट करायच्या आपल्या पद्धतीला त्यांनी पेटंट मागितलं आणि २३ एप्रिल १९६८ ला ते मिळालं. अमेरिकेतलं पहिलं सॉफ्टवेअर पेटंट म्हणून ते ओळखलं जातं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एडीआरनं आयबीएमवर दावा लावला. त्याआधी १७ जानेवारी १९६९ ला अमेरिकी सरकारचा मक्तेदारीविरोधी खटला दाखल झालेला होता. २३ जून १९६९ ला आयबीएमनं जाहीर केलं की यापुढे काही सॉफ्टवेअर आणि सेवा यांची किंमत वेगळी. सुरुवातीला १७ प्रॉडक्ट्स, त्यातच आपलं सीआयसीएस (टर्मिनलवरून येणारे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर). यंत्राच्या किमतीत कपात किती केली? ३ टक्के. एडीआरची तडजोड १९७० मध्ये झाली, सुमारे वीस लाख डॉलरवर.

२३ जूनला मी आपल्या धंद्याचा वाढदिवस मानतो. बिलावर सॉफ्टवेअरची ओळ वेगळी दिसायला लागली, म्हणून "याच कामाचं दुसऱ्याकडे काय पडेल?" हा प्रश्न विचारता आला. उजव्या रकान्याच्या त्या तक्त्यात ती ओळ पुन्हा पुसली जातेय, म्हणून हा धागा.

---

कोबोलकर

लेख मनापासून आवडला. एक भर घालतो. १९६९ ला सगळं सुटं झालं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तसाच भाड्यात राहिला आणि त्या गाभ्यात काय काय बसवायचं हे आयबीएमच ठरवणार. टर्मिनलवर बसून काम करायचं टीएसओ त्यातच होतं. त्याच कामाचं एडीआरचं रॉस्को त्याच्यासमोर पैसे घेऊन उभं. तरी विकलं गेलं, कारण थोड्या मेमरीत पुष्कळ टर्मिनल्स चालवायचं.

डिस्कच्या बॅकअपचंही तेच. आयबीएमची फुकट युटिलिटी म्हणजे आयईएचडीएएसडीआर. ज्यांनी वापरली त्यांना तिचा वेग आठवत असेल. न्यू जर्सीतल्याच इनोव्हेशन डेटा प्रोसेसिंगनं एफडीआर काढलं आणि ते लोकांनी पैसे मोजून घेतलं, कारण रात्रीची बॅच (एकामागोमाग चालणारी ठरलेली कामं) सुरू व्हायच्या आत बॅकअप संपायचा. रात्र कुणालाच वाढवून मिळत नाही.

माझं स्वतःचं प्रेम मात्र अबेंड-एडवर, म्हणजे प्रोग्रॅम कोसळला की कारण सांगणाऱ्या टूलवर. नव्वदच्या दशकात प्रॉडक्शन सपोर्टला होतो. पहाटे तीनला एस-झिरो-सी-सेव्हन (आकड्याच्या जागी भलतंच आल्याची चूक) आला की आयबीएमचा कोरा डंप, मेमरीची जशीच्या तशी छापील प्रत, म्हणजे हेक्साचं भारूड. ऑफसेट काढा, कंपाइल लिस्टिंग शोधा, बोट ठेवून ओळ गाठा. अबेंड-एड सरळ सांगायचं: अमुक ओळ, अमुक फील्ड, त्यात आकड्यांऐवजी स्पेस आहेत, आणि आत्ता फाइलमधली अमुक नोंद वाचली जात होती. हेडरच्या जागी ट्रेलर रेकॉर्ड आलाय हे चहा थंड व्हायच्या आत कळायचं.

---

निळीशाई

कोबोलकर, अबेंड-एडवाल्या कॉम्प्युवेअरचीही कथा या धाग्यात हवीच. आयबीएमनं फॉल्ट अ‍ॅनलायझर आणि फाइल मॅनेजर आणले तेव्हा डेट्रॉइटच्या कॉम्प्युवेअरनं २००२ मध्ये कोर्ट गाठलं. म्हणणं असं की ही आमच्या टूल्सची नक्कल आहे आणि यंत्रावरच्या ताकदीच्या जोरावर ती ग्राहकाच्या गळ्यात घातली जातेय. २००५ मध्ये तडजोड झाली आणि आयबीएमनं कॉम्प्युवेअरकडून सॉफ्टवेअर व सेवा घ्यायचं कबूल केलं. २०२० मध्ये कॉम्प्युवेअर बीएमसीत गेली. (बीएमसी म्हणजे इथे ह्यूस्टनची सॉफ्टवेअर कंपनी, मुंबईची महापालिका नव्हे. पुण्यातल्यांना सांगायला नको, तिचं मोठं केंद्र इथेच आहे.)

बीएमसीचाच दुसरा खटला याहून बोलका आहे. एटी अँड टीचं मेनफ्रेम आयबीएम चालवायची. बीएमसीचं म्हणणं, करारात स्पष्ट होतं की या ग्राहकाकडची आमची टूल्स काढून आयबीएमनं स्वतःची बसवायची नाहीत. ती बदलली गेली. मे २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायाधीशांनी बीएमसीला सुमारे १.६ अब्ज डॉलर द्यायचा निकाल दिला. एप्रिल २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. मुद्दा असा धरला की बदल करायचा निर्णय ग्राहकानं स्वतःच्या कारणांसाठी घेतला होता.

वरच्या कोर्टाचं मला पटतं. ग्राहकाला नको असेल तर कोणतं कलम कोणाला वाचवणार? पण यंत्र बनवणारा, यंत्र चालवणारा आणि टूल विकणारा एकच असेल, तर ग्राहकाची "स्वतःची कारणं" कुठल्या खोलीत बसून तयार होतात, हा प्रश्न उरतोच.

---

पैसापाणी

मी परचेसमध्ये आहे, टेक्निकल नाही. तुम्ही सगळे बाहेरच्या विक्रेत्यांची बाजू भावनेनं मांडताय, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

ज्या छोट्या कंपन्यांच्या गोष्टी तुम्ही सांगताय त्या आता उरल्यात कुठे? एडीआर १९८८ मध्ये कॉम्प्युटर असोसिएट्सनं घेतली. आयडीएमएस हा डेटाबेस विकणारी कलिनेट १९८९ मध्ये तिथेच गेली. आणि कॉम्प्युटर असोसिएट्स, म्हणजे सीए, २०१८ मध्ये ब्रॉडकॉमनं १८.९ अब्ज डॉलरला घेतली. माझ्यासमोर रिन्युअलला बसतो तो लहान भाऊ नसतो. ज्या टूलमध्ये दहा वर्षांत काही नवीन आलेलं नाही, त्याचा दर यंत्राची क्षमता वाढली म्हणून वाढवून मागतो. टूल तेच, वापर तेवढाच, यंत्र मोठं घेतलं म्हणून पैसे जास्त. एका विक्रेत्यानं (नाव लिहीत नाही) करार संपायच्या तीन आठवडे आधी आकडा कळवला. तेव्हा बदलायला वेळच नव्हता. अशा वेळी आयबीएमनं "हे आमच्याकडे त्याच करारात आहे" म्हटलं तर मी का नाही म्हणू?

आणि एक साधा प्रश्न. सॉर्ट म्हणजे सॉर्ट. यादी चढत्या क्रमानं लावायची. यात दोन कंपन्यांत फरक तो काय?

---

रात्रपाळी

पैसापाणी, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती लेखात यायला हवी होती. त्याचं सर्वात ठळक उदाहरण सिक्युरिटीचं. कुणी काय उघडायचं हे ठरवणारं आयबीएमचं आरएसीएफ १९७६ चं. जे डेटासेट (मेनफ्रेमवरच्या फाइल्स) तुम्ही नोंदवाल त्यांनाच ते सांभाळायचं, बाकी सताड उघडे. कॅनडातल्या लंडन शहरातल्या एका विमा कंपनीत वाढलेलं एसीएफ२ १९७८ मध्ये आलं, ते उलट्या बाजूनं: परवानगी लिहिलेली नसेल तर सगळं बंद. ग्राहकांनी ते उचललं आणि पुढे आरएसीएफलाही 'सगळं राखा' हा पर्याय द्यावा लागला. मग त्याच कामाचं टॉप सीक्रेट आलं. स्पर्धेचा याहून चांगला नमुना मी पाहिला नाही. पण १९८७ पर्यंत एसीएफ२ आणि टॉप सीक्रेट दोन्ही सीएच्या घरात गेली आणि तिघांची शर्यत दोघांची झाली. विक्रेत्यांनी एकमेकांना गिळलं, त्याची किंमत तुमच्या टेबलावर येते. मान्य.

आता सॉर्ट. हा माझा विषय, जरा लांब लिहितो.

सिस्टिम/३६० बरोबर सॉर्ट फुकट यायचं. १९६८ मध्ये व्हिटलो नावाच्या कंपनीनं पैसे घेऊन सॉर्ट विकायला काढलं, तेच पुढे सिंकसॉर्ट. १९७६ मध्ये चार्ल्स वँग यांनी सीए सुरू केली तीसुद्धा एका सॉर्टच्या जोरावर. फुकट मिळणारी गोष्ट दोघांनी विकून दाखवली, कारण मेनफ्रेमवर रात्रभर जे चालतं त्यात सॉर्टचा वाटा मोठा असतो. तिथे मिनिटं वाचली की यंत्राचं भाडं वाचतं. आयबीएमनंही मग सुधारलेलं सॉर्ट पैसे लावून दिलं. आयबीएमचं आजचं डीएफसॉर्टसुद्धा फुकट नाही. ते झेड/ओएसचं किमतीचं, ऐच्छिक फीचर आहे. फक्त ती किंमत मोठ्या बिलात मिसळलेली असते.

अदलाबदल सोपी का? जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींमध्ये, प्रोग्रॅमचं नाव 'सॉर्ट' एवढंच लिहितात. मागे कुठल्या कंपनीचं लोड मॉड्यूल (चालवायला तयार प्रोग्रॅम) आहे हे जॉबला माहीत नसतं. कंट्रोल कार्डंही (सॉर्टला द्यायच्या सूचना) बहुतेक तीच. स्पूलमधले, म्हणजे जॉबच्या आउटपुटमधले, मेसेज 'आयसीई'नं सुरू झाले तर डीएफसॉर्ट, 'डब्ल्यूईआर'नं सुरू झाले तर सिंकसॉर्ट. कित्येकांना आपण काय वापरतो हे या तीन अक्षरांवरूनच कळतं.

हीच सोपी अदलाबदल एका बँकेत आमच्यावर उलटली. बदल केला, महिनाभर चाचण्या केल्या, सगळं हिरवं. पहिल्या मंथ-एंडनंतर शाखांचे फोन. काही खात्यांवर ओव्हरड्राफ्टचा आकार, म्हणजे शुल्क, लागला होता आणि ग्राहक म्हणत होते की आमच्या खात्यात तर पैसे होते. दोन रात्री शोधलं. एकाच खात्यावर एकाच तारखेला जमा आणि खर्च दोन्ही असतील तर सॉर्टची किल्ली, म्हणजे खाते क्रमांक आणि तारीख, दोन्ही नोंदींची सारखीच. अशा नोंदी फाइलमध्ये ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं बाहेर पडाव्यात की नाही, हे 'इक्वल्स' नावाच्या पर्यायावर ठरतं. जुन्या सॉर्टच्या इन्स्टॉलेशनमध्ये कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी तो चालू करून ठेवला होता. कुठल्याही कागदावर त्याची नोंद नव्हती. नव्यात तो बंद होता. परिणाम असा की काही खात्यांवर खर्च आधी आणि जमा नंतर, मधल्या क्षणी शिल्लक उणे, आणि प्रोग्रॅमनं इमानेइतबारे आकार लावला.

चूक सॉर्टची नव्हती, दोन्ही सॉर्ट बरोबर वागले. किल्लीत व्यवहाराचा अनुक्रमांक असायला हवा होता. पण ते कोबोल (मेनफ्रेमवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिणारा माणूस तेव्हा निवृत्त झाला होता. आकार परत करणं, पत्रं पाठवणं, ऑडिटला उत्तरं देणं, आणि त्या जातीचे बाकीचे जॉब शोधणं यात आमचे सात आठवडे गेले. 'उजवीकडे नाव भरता आलं' म्हणून केलेल्या बदलात या सात आठवड्यांसाठी रकानाच नव्हता.

---

मुळामुठा

मी विक्रेत्याच्या बाजूला काम करतो, डेव्हलपमेंटमध्ये, पुण्यातच. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आम्हाला फुकटपेक्षा जास्त भीती आधी कळण्याची वाटते. यंत्र ज्याचं, त्याला पुढच्या यंत्रात काय येणार हे आधी माहीत. २०१९ च्या झेड१५ या मेनफ्रेममध्ये सॉर्टसाठी खास सूचना प्रोसेसरमध्येच घातली आणि डीएफसॉर्ट ती वापरायला तयार होतं. ती सूचना अधिकृत पुस्तकात सगळ्यांसाठी छापलेली आहे, हे मी न्यायानं सांगतो. पण छापील पान हातात येणं आणि डिझाइनच्या बैठकीला हजर असणं यात अंतर आहे. १९८३ पासून आयबीएमनं सोर्स कोड द्यायचं बंद करत फक्त ऑब्जेक्ट कोड (यंत्राला कळणारा, माणसाला सहज वाचता न येणारा) द्यायचं धोरण घेतलं, तेव्हापासून हे अंतर वाढतच गेलं. आमच्या जुन्या लोकांनी कंट्रोल ब्लॉक (सिस्टिमच्या आतल्या नोंदी) डंपमध्ये वाचून वाचून टूल्स जिवंत ठेवलीत. ती विद्या पुण्यात आज मोजक्या माणसांकडे आहे. आमच्या टीममधला सर्वात नवा मुलगा असेंब्लर शिकतोय आणि त्याला शिकवणारे आमचे सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

पैसापाणी मॅडम, दराबद्दल तुम्ही बोललात ते आम्हालाही आवडत नाही. दर ठरवणारे वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या देशात बसतात. पण एक आकडा तपासा. आयबीएमचं मासिक बिल पुष्कळ ठिकाणी प्रोसेसरच्या वापराच्या चार तासांच्या फिरत्या सरासरीच्या शिखरावर निघतं. त्या शिखराच्या वेळी सीपीयू जास्त खाणारं 'फुकट' टूल चालत असेल, तर त्याची किंमत सीआयसीएसच्या आणि डीबी२ या डेटाबेसच्या बिलात निघते. रिन्युअलमध्ये वाचलेले पैसे तिकडे गेले का, हे परचेसला दिसत नाही, कपॅसिटीवाल्याला दिसतं. या दोघांनी एका टेबलावर बसायला हवं.

---

पैसापाणी

मुळामुठा, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कपॅसिटीचा अहवाल दर महिन्याला येतो आणि फाइलला लागतो. आता मागवून घेते. मात्र २०१९ नंतर आयबीएमनं दिलेल्या नव्या पद्धतीत शिखराऐवजी एकूण वापरावर बिल निघतं, आमचा करार तसाच आहे. मग?

---

मुळामुठा

मग शिखराचा मुद्दा गेला, पण सीपीयूचा प्रत्येक सेकंद मोजला जाणार. उलट हिशेब सोपा झाला तुमच्यासाठी.

---

येरवडा_बॅच

काका, तो फोनवाला मुलगा मीच. इथे खातं काढलं.

माझ्या तक्त्यात एकोणीस ओळी आहेत. झोवे या मेनफ्रेमच्या ओपन सोर्स प्रकल्पामुळे साहेबांना वाटतंय की आता सगळंच हळूहळू फुकट आणि ओपन सोर्स होणार, तर थांबायला काय हरकत आहे? सॉर्ट, फाइल टूल आणि जॉब मॉनिटर (चालू जॉब दाखवणारं टूल) या तीन ओळींवर मला या महिन्यात उत्तर द्यायचंय.

---

रात्रपाळी

ये बाबा. "थांबायला काय हरकत" हे तुझ्या साहेबांच्या आधी ऑटोफ्लोच्या ग्राहकांनी म्हटलं होतं.

झोवे चांगली गोष्ट आहे. २०१८ मध्ये आयबीएम, रॉकेट आणि सीए-ब्रॉडकॉम या एकमेकांच्या स्पर्धकांनी मिळून ती सुरू केली. मेनफ्रेमला आजच्या एडिटरमधून, कमांड लाइनमधून हात घालता यावा यासाठी ती आहे. ती दार आहे. दारातून आत गेल्यावर सॉर्ट कोण करणार, डंप कोण वाचणार, हे प्रश्न तसेच राहतात. तिच्यामुळे एक टूल दुसऱ्याच्या जागी बसवणं सोपं होणार असेल, तर मला आनंदच आहे.

तुझ्या तीन ओळींबद्दल. जॉब मॉनिटरला हात लावायला हरकत नाही. तिथे चुकलं तर ऑपरेटर ओरडेल, ग्राहकाच्या पैशाला धक्का लागणार नाही. फाइल टूलसाठी आधी मोज, किती प्रॉडक्शन जॉबमध्ये ते बॅचमध्ये बांधलंय. लोक स्क्रीनवर वापरतात ते मोजू नकोस, ती सवय महिन्यात सुटते. जेसीएलमध्ये गाडलेलं सुटत नाही.

सॉर्ट घाईनं बदलू नकोस. दोन्ही लायब्ऱ्या ठेव, मार्च-एंडचा इनपुट जपून ठेव आणि स्टेपलिबनं (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररीतून उचलायचा ते सांगणारी जेसीएलमधली ओळ) तोच जॉब दोन्ही सॉर्टवर चालव. निकाल फाइल टू फाइल जुळव. नोंदींची संख्या जुळली म्हणून थांबू नकोस, क्रम जुळव. इक्वल्सचा पर्याय दोन्हीकडे काय आहे ते इन्स्टॉलेशनच्या मूळ नोंदीत जाऊन बघ, कुणाला विचारू नकोस. सीपीयूचे आकडे एसएमएफच्या, म्हणजे सिस्टिम स्वतः ठेवते त्या वापराच्या नोंदींच्या, ३० क्रमांकाच्या रेकॉर्डमधून काढ, विक्रेत्याच्या स्लाइडवरून नको. आयबीएमच्या स्लाइडवरूनही नको.

आणि तक्त्याला तिसरा रकाना जोड: बदलायला लागणारे माणसांचे दिवस. चौथा: पुढच्या वर्षी परत फिरायचं ठरलं तर लागणारे दिवस. साहेबांना हे दोन रकाने दाखव, मग बोलणं वेगळं होईल.

---

कोबोलकर

चौथा रकाना आम्ही कधीच केला नाही. करायला हवा होता.

---

येरवडा_बॅच

दोन्ही रकाने घातले. मुळामुठा यांनी सुचवलं तसं कपॅसिटीवाल्यांनाही बैठकीला बोलावलंय, शुक्रवारी आहे. जॉब मॉनिटर आणि फाइल टूलचे आकडे भरलेत. सॉर्टची ओळ कोरी ठेवलीय. आज इन्स्टॉलेशनची जुनी नोंद उघडली, इक्वल्स चालू आहे. का चालू आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. ते कळेपर्यंत ती ओळ भरत नाही.